घाट चढून आजोळी

आपण नातेवाइकांना हल्ली कुठे भेटतो? लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर आणि दशक्रियेच्या घाटावर. तिन्ही ठिकाणी भेट समोरासमोर होते आणि बसून होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढून घ्यायच्या, कोण किती वाळलं आणि कोण किती सुटलं हे डोळ्यांनी मोजायचं, मुलगी कितवीला आहे ते विचारायचं. दोन-तीन प्रश्नांत बोलणं संपतं. मग जेवायला कधी बसवतील याकडे लक्ष जातं. सख्ख्या मामे-मावस भावंडांशीसुद्धा असंच होतं, आणि घरी परतताना मनात रितेपण राहतं. माणसं भेटली, भेट मात्र झाली नाही.

माझं आता पक्कं मत झालं आहे की नातं टिकवायचं असेल तर माणसांनी काही वेळ तरी एकाच दिशेला तोंड करून चालावं, एका कामाला हात लावावा, एका पाण्यात उतरावं. हे मला माझ्या आजोळानं शिकवलं.

आजोळ जुन्नरच्या पश्चिमेला, कुकडीच्या खोऱ्यात. ही नदी चावंड किल्ल्यापलीकडे पूर गावी, कुकडेश्वराच्या देवळापाशी उगम पावते आणि पुढे माणिकडोहच्या धरणात थांबते. मे महिन्यात धरणाचं पाणी खूप मागे हटलेलं असतं, भाताच्या खाचरांत राब भाजल्याचे काळे चौकोन दिसतात आणि करवंदाच्या जाळ्या लगडलेल्या असतात. आम्ही डोंबिवलीचे. मुलांच्या परीक्षा संपल्या की कल्याण, मुरबाड, माळशेज करत गाडीनं मामाकडे पोचायचो. घाटातल्या वळणांनी मुलं मलूल व्हायची आणि मामाच्या ओसरीवर आल्या आल्या पंख्याखाली आडवी व्हायची. मग दोन दिवस खाणं, झोपणं आणि परत फिरणं.

एका वर्षी मामा फोनवर म्हणाला, “गाडीनं कशाला येता? नाणेघाटानं या की. आमची म्हातारी माणसं तिकडनंच कल्याणला जायची. तांदूळ-हिरडा घेऊन उतरायची, मीठ आणि सुकी मासळी घेऊन चढायची. तुम्ही चढा, आम्ही वर थांबतो.”

कल्याण आणि जुन्नर यांच्यामधली ही वाट सातवाहनांच्या काळात राबती होती. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या घाटानं देशावर यायचा. त्या वाटेचं एक टोक आमच्या घराजवळ आणि दुसरं मामाच्या घराजवळ, तरी आम्ही कधी तिच्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. आम्ही होकार दिला. मी, नवरा, मुलगी, दोघे मावसभाऊ आणि त्यांची बायकापोरं असं लटांबर निघालं. आईचे गुडघे घाट चढण्याजोगे नव्हते. ती धाकट्या भावाबरोबर गाडीनं वळसा घालून माथ्यावर येणार होती.

उन्हाळ्यात घाट चढायचा तर उजाडायच्या आत पायथा गाठावा लागतो. वैशाखरे गावाच्या पुढे आम्ही मुख्य रस्ता सोडला तेव्हा झाडांचे आकार नुकते दिसू लागले होते. सुरुवातीची वाट सपाट आहे. कोरडे ओढे पार करत, रानातून ती हळूहळू उचलली जाते आणि मग एकदम अंगावर येते. दगडांवर शेकडो वर्षांच्या पावलांचा गुळगुळीतपणा आहे. पावसाळ्यात इथे पाय ठरत नाही असं म्हणतात. मे महिन्यात पाय ठरतो, पण घसा कोरडा पडतो.

चढावर रांग आपोआप लागते. कोण कुणाच्या पुढे, कोण मागे, हे मानपानावर ठरत नाही, दमावर ठरतं. माझा मोठा मावसभाऊ समारंभात दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. घाटात तो माझ्या पुढे चालत होता. एका चढावर, मागे वळून न पाहता, त्यानं सांगून टाकलं की नोकरी गेल्याला काही महिने झाले आहेत आणि घरी अजून सगळं सांगितलेलं नाही. मी त्याच्या पाठीकडे पाहत ऐकत होते. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच त्याला ते बोलता आलं असेल. मीही लगेच सल्ला दिला नाही, कारण धाप लागली होती. पुढच्या सावलीत बसल्यावर त्यानं आपली पाण्याची बाटली मला दिली आणि हसला. त्यानंतर उरलेला चढ आम्ही त्याच विषयावर, सावकाश, एकेक पावलागणिक बोलत काढला. हॉलमधल्या खुर्च्यांवर हे बोलणं निघालंच नसतं.

मुलांचं वेगळंच चाललं होतं. वर्षभर एकमेकांची नावंही धड न आठवणारी ती मुलं पहिल्या तासात ओशाळल्यासारखी आपापल्या आईबापांना धरून होती. मग एका उंच दगडावर सगळ्यांत धाकट्याला चढता येईना. माझ्या मुलीनं त्याला वर ओढलं आणि तिथून पुढे तो तिचा झाला. ही तुझी ताई, असं आम्ही अनेकदा सांगून जे जमलं नव्हतं ते एका हाताच्या ओढीनं जमलं.

ऊन चढू लागलं तसा माथा जवळ आला. कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागली आणि त्यांच्याजवळच एक लेणं. आत एक मोठं दालन आहे, तिन्ही बाजूंनी बसायला कातळातलेच ओटे. बाहेरच्या तापानंतर त्या ओट्यांचा गारवा पाठीला लागला आणि सगळे गप्प झाले. व्यापारी, तांडे, ओझी वाहणारे, सगळेच इथे असे टेकले असतील.

डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. भाषा प्राकृत. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख म्हणून तो ओळखला जातो. आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन आहे आणि पुढे यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी. गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचे आकडे त्यात खोदलेले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १९व्या शतकात हे लेख अभ्यासले, त्यांतले अंक ओळखले. भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत या भिंतींची गणना होते.

मला मात्र मागची भिंत जास्त जवळची वाटते. तिथे कधीकाळी एका कुटुंबाच्या मूर्ती होत्या. मूर्ती आता नाहीत. पायांच्या काही खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी शिल्लक आहेत. आधी राजा सिमुक सातवाहन, मग देवी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची नावं एकत्र, मग कुमार भाय, आणि मग महारठी त्रणकयिर. त्यापुढे आणखी दोन कुमार, हकुश्री आणि सातवाहन. हा महारठी नागनिकेचा बाप, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, घाटावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी, सासरच्या राजघराण्याच्या रांगेत सुनेच्या माहेरचा माणूस उभा होता.

मी हे मुलांना सांगत होते तेवढ्यात वरच्या खिंडीतून आवाज आला. मामा आईचा हात धरून दगडांवरून तिला खाली आणत होता. तिनं थांबावं म्हणून मामीनं समजावलं होतं, पण पोरं खालून चढून आली आणि आपण वर बसून राहायचं हे तिला पटलं नाही. ओट्यावर बसून तिनं श्वास सावरल्यावर मी तिला भिंतीवरची नावं दाखवली. त्या महारठीच्या नावाशी तिनं पुन्हा विचारलं, “तिचा बाप म्हणालीस ना?” मी हो म्हटलं. ती त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. मामा तिच्या शेजारीच बसला होता.

खिंडीतून वर गेलं की दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात यात जमा व्हायची, अशी परंपरेनं चालत आलेली समजूत आहे. मुलांनी त्याच्यात डोकावून पाहिलं आणि आपण काय जकात द्यायची यावर त्यांची चर्चा सुरू झाली. पलीकडे नानाच्या अंगठ्याचा कडा, समोर जीवधन आणि त्याला लागून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका. खाली कोकण उन्हाच्या धुरकट थरात बुडालेलं. मामानं मुलांना कड्याच्या काठापासून लांब, ओळीनं बसवलं आणि पावसाळ्यात या कड्यावरून पडणारं पाणी खालून येणारा वारा पुन्हा वर कसं फेकतो ते हातवारे करून सांगितलं. मामीनं बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा सोडला. आपापल्या पायांनी आजोळी आल्याचा अभिमान मुलांच्या खाण्यातसुद्धा दिसत होता. पंख्याखाली आडवं व्हायची कुणालाच गरज वाटली नाही.

मामाकडच्या त्या मुक्कामात आम्ही घरात जेवायला आणि झोपायला तेवढे होतो.

सकाळी विहीर. मामाची विहीर दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या असलेली. मामेभाऊ आधी पाण्यात उतरायचा, मामा पायरीवर पंचा गुंडाळून बसायचा. शिकणाऱ्याच्या पाठीला रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन आणि कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात. “आधी श्वास सोडायला शिक, मग हात मार,” एवढंच तो सांगायचा. माझी मुलगी शहरातल्या तलावात पोहायला शिकलेली, तरी विहिरीचं काळं, खोल, गार पाणी बघून मागे सरली. मामेभावाच्या लेकीनं तिच्यादेखत वरून मुटका मारला, पाण्यातून डोकं वर काढून “ये की” म्हणाली, आणि ही उतरली. मुलं ज्या विश्वासानं उडी मारतात तो विश्वास दोर धरणाऱ्या माणसावर असतो. माझ्या मुलीला मामाआजोबा कोण हे त्या दोरानं कळलं.

शेजारच्या महादेव कोळी कुटुंबातली बाई मामीची जिवाभावाची मैत्रीण. तिच्याबरोबर आम्ही सगळे डोंगरात हिरडा गोळा करायला गेलो. हंगाम सरत आला होता. बी धरण्याआधीचं कोवळं फळ झाडावरून उतरवायचं आणि वाळवायचं. वाळून काळं पडलं की तो बाळहिरडा. औषधांसाठी व्यापारी तो विकत घेतात आणि इथल्या आदिवासी घरांना पावसाळ्याआधी हातात पैसा मिळतो तो मुख्यतः याच फळाचा. माझ्या मावसभावाची बायको मोठ्या कंपनीत हिशेब सांभाळते. तिनं त्या बाईला भाव, वजन, वाळल्यावर होणारी तूट असं सगळं विचारलं. बाईनंही तिला मोकळेपणानं सांगितलं, आणि झाडाची कुठली फांदी हलवायची, कुठली सोडायची हेही दाखवलं. एरवी गावी आल्यावर ही माझी वहिनी फोन घेऊन कोपऱ्यात बसायची. त्या दिवशी तिच्या ओंजळीला हिरड्याचा तुरट वास आणि पदरात तोरणाची पांढरी फळं होती. संध्याकाळी ती आणि मामी अंगणात हिरडा पसरत होत्या. नव्या सुनेला एखाद्या घराची ओळख ओटीपेक्षा कामातून लवकर होते, असं मला तेव्हा वाटलं.

अंधार पडला की काजवे. पहिला वळीव होऊन गेला होता, हवेत ओल होती. बिबट्याच्या भीतीनं इकडे रात्री कुणी एकटंदुकटं हिंडत नाही, म्हणून सगळे एका घोळक्यात, मोठ्यानं बोलत, बॅटऱ्या घेऊन ओढ्यापर्यंत जायचो. तिथे पोचल्यावर बॅटऱ्या विझवायच्या. आधी एखाददुसरा ठिपका, मग एक झाड, मग त्याच्या शेजारचं. काजव्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं; बॅटरीच्या झोतानं त्यात व्यत्यय येतो, हे मुलांना मामेभावानं समजावलं होतं. एवढी मुलं आणि कुणीही उजेड केला नाही.

या सगळ्यात सर्वांत मोलाची वाट मात्र फार लहान होती. घरापासून विहिरीकडे जाणारा खाचरांचा बांध. एका संध्याकाळी आई आणि मामा पुढे चालले होते आणि मी मागून.

आईनं पूर्वी, आजोबा गेल्यानंतर, हक्कसोडपत्रावर सही केली होती. आमच्याकडच्या बहुतेक बहिणी करतात. सही केली की माहेर राहतं, नाही केली की तुटतं, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. हा विषय ओसरीवर कधी निघाला नव्हता. तिथे समोर मामी असते, भिंतीवर आजोबांचा फोटो असतो, चहाचे कप असतात. बांधावर यांतलं काहीच नव्हतं. बांध इतका अरुंद की दोघांनी एकामागे एकच चालायचं.

मामा पुढून म्हणाला, “अक्का, तू सही दिलीस, मी घेतली. तुझ्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही.”

आई काही पावलं चालत राहिली. मग म्हणाली, “विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

“मग आता सांग.”

तिनं विहिरीलगतच्या एका लहान खाचराकडे बोट केलं. त्या खाचरात ती लहानपणी आजीबरोबर भात लावायची. मामा म्हणाला, “लेकाशी बोलतो. लिहून देऊ.” आई म्हणाली, “लिहून दे.” त्या दोन शब्दांत तक्रार नव्हती आणि लाजही नव्हती.

मला याबद्दल स्वच्छ बोलायचं आहे. बहिणीवरची माया तिच्या वाट्याच्या जागी ठेवता येत नाही. २००५च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क दिला, तरी साडी-चोळी आणि आंब्याची पेटी यांवर तो सोडून देण्याची रीत चालूच आहे. माझ्या मामाला हे कळलं आणि त्यानं ते बोलून दाखवलं, याचा मला फार आनंद आहे. हे बोलणं घडायला जमीन पायाखाली असावी लागली. कागदावरचा गट नंबर बोट करून दाखवता येत नाही, खाचर येतं. लेण्यात त्या महारठीच्या नावासमोर बसलेली आई काय विचार करत होती ते मी तिला विचारलं नाही. पण बाप-लेकीचं नातं दगडात लिहून ठेवणारी माणसं याच घाटावर होऊन गेली, हे बघितल्यावर “लिहून दे” म्हणायला तिला बळ आलं असेल, असं मला वाटतं.

मुलांनी त्या मुक्कामातून काय नेलं, तेही मी पाहते आहे. पूर्वी भावंडांच्या व्हॉट्सअॅप गटावर सणाच्या शुभेच्छांपलीकडे काही नसायचं. आता पावसाळ्यात विहिरीला पाणी किती चढलं, राबातली रोपं लावणीला आली का, धाकट्याला कॅनशिवाय पोहता येतं का, असं बोलणं होतं. बोलायला विषय लागतो, आणि विषय एकत्र काहीतरी केल्याशिवाय तयार होत नाही. नात्याला आठवणींचा आधार लागतो हे खरं, पण फक्त थोरांच्या आठवणींवर पुढची पिढी जगू शकत नाही. तिला स्वतःच्या हातापायांनी कमावलेल्या आठवणी लागतात. खरचटलेला गुडघा, नाकातोंडात गेलेलं पाणी, करवंदाच्या चिकानं काळी झालेली बोटं यांतून मामेबहीण सख्खी होते.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून करायची आहे. इतकी वर्षं आम्हीच वर जात आलो. मामाकडची माणसं आमच्याकडे येतात ती डॉक्टरला दाखवायला किंवा कुणाच्या लग्नाला, आणि आम्ही त्यांना सोफ्यावर बसवतो, टीव्ही लावून देतो, फार तर एखाद्या मॉलमध्ये फिरवतो. तो पाहुणचार अपुरा आहे. आमच्याही मुलखाला मोकळं आकाश आहे. ठाण्याच्या खाडीत थंडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ साली ती जागा अभयारण्य म्हणून जाहीर झाली. अंबरनाथला १०६० सालचा शिलालेख असलेलं शिलाहारांचं शिवमंदिर आहे, त्याच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघायला एक सकाळ पुरत नाही. उल्हास नदी आहे. कल्याणची खाडी आहे, जिथून मामाच्या पूर्वजांच्या पाठीवरचं मीठ निघत असे.

यंदा थंडीत मामेभावाच्या मुलांना घाट उतरून खाली बोलवायचं ठरलं आहे. मामाचं वय आता घाट उतरण्याचं नाही, तो आईसारखाच गाडीनं येईल. मुलं पायी येतील आणि पायथ्याला माझी मुलगी भाकरी घेऊन उभी राहील. घाट जितका चढण्यासाठी होता तितकाच उतरण्यासाठी होता. दोन्हीकडची माणसं चालती होती तोवर तो नांदता राहिला. नात्याचंही तसंच आहे. एकाच बाजूनं येणंजाणं असलं तर वाटेवर गवत वाढतं. आमच्या पिढीला एवढं तरी करता येईल की मुलांना दोन्ही टोकं पायांनी माहीत करून द्यायची, म्हणजे पुढे कुणी बोलावणं पाठवलं नाही तरी त्यांना एकमेकांकडे जायची वाट विचारावी लागणार नाही.